सत्तर मिलिमीटरचं डोकं

नंबरकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर चांगलं ठळक अक्षरात रंगवलेलं आहे, पण ते वाचायची तसदी बाजारात कुणी घेत नाही. चष्म्याचं दुकान. आत पाऊल पडलं की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर किती?" एकदा एक बाई नुसता पत्ता विचारायला आल्या, तर त्यांनाही हेच. बाई घरचा नंबर सांगून मोकळ्या झाल्या, आणि तेव्हापासून यांना जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस कामात एकदम पक्का, स्वतःच्या नाकावरही चष्मा. स्वभावाने मात्र असा लाजरा, की विचारू नका. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत हजारो लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, पण ते बॅटरी लावून. त्याचमुळे लग्न राहून गेलं. मग पोस्टाच्या खिडकीवर बसणाऱ्या एक बाई जवळचा चष्मा करायला आल्या. आठवड्याने परत आल्या, काडी कानामागे टोचते म्हणाल्या. मग आल्या, नाकावर वळ उठतात म्हणाल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा चष्म्यात काढण्यासारखा एकही दोष उरला नव्हता, आणि दोघं काउंटरच्या दोन बाजूंना नुसतेच उभे होते. वर्षाच्या आत लग्न झालं.

बाईंचे पहिले यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्यांना बारा वर्षांची एक मुलगी होती. खरी गोष्ट आहे ती इथून पुढे.

मुलगी हुशार, काटक आणि हट्टी. नंबरकाकांशी ती भांडत नसे, उलट उत्तर देत नसे, दारं आपटत नसे. ती त्यांच्याशी बोलतच नसे. जेवताना म्हणायची, "आई, त्यांना सांग मीठ द्या." मीठ नंबरकाकांच्या हातात, मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये आई. नंबरकाका मीठ सरकवायचे. मग, "आई, त्यांना सांग, पुरे." बिचारी बायको दिवसभर पोस्टात बसायची आणि घरी येऊनही तेच काम करायची.

आठ महिने असे गेले. नंबरकाकांनी मनाची समजूत घातली होती की, होईल हळूहळू, पोर आहे. पण एका संध्याकाळी ते भाजीची पिशवी घेऊन घरात शिरत होते आणि स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. "परीक्षा झाली की मी मावशीकडे राहायला जाणार. कायमची. तिकडची शाळा चांगली आहे." बायकोने नकार दिला नाही. नुसती म्हणाली, "बघू."

नंबरकाकांनी पिशवी दारातच खाली ठेवली. परीक्षेला दोन महिने होते. पोर गेली तर बायको एक शब्दही बोलणार नाही, तसा तिचा स्वभावच नव्हता. पण रोज रात्री टेबलावर तीनऐवजी दोन ताटं मांडताना तिला काय वाटेल, ते त्यांना आत्ताच दिसत होतं. आपल्या पायी एका लेकराला स्वतःचं घर सोडावं लागतंय, हा विचार त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाचं डावं भिंग उजवीकडे बसवून दिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात मुलीची वही जेवणाच्या टेबलावर राहून गेली. दुसऱ्याची वही उघडू नये हे नंबरकाकांना कळत होतं, पण ती आपणहून उघडीच पडली होती, त्याला ते तरी काय करणार? पानापानावर मुली काढलेल्या. हल्लीच्या पोरांना वेड लावणारी ती ॲनिमे चित्रं असतात ना, तशा. आणि काय ते डोळे! अर्धा चेहरा डोळ्यांनीच खाल्लेला. नंबरकाकांनी सवयीने खिशातली पट्टी काढली आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. मग नाक शोधलं. नाकाच्या जागी एक टिंब होतं.

"अगं, हिला नाकच नाही," ते बायकोला म्हणाले. "चष्मा टेकणार कुठे?"

"तिला चष्मा नकोय," बायको म्हणाली. "वही ठेवा जागेवर. तिने बघितलं तर घर डोक्यावर घेईल."

वही ठेवली, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. नंबरकाकांनी मोबाइलवर शोध घेतला आणि त्यांना एक व्हिडिओ सापडला: ॲनिमे मुलगी काढा, फक्त आठ पायऱ्यांत. शिकवणारी एक उत्साही तरुणी होती, ती दर वाक्याला "अगदी सोप्पं!" म्हणायची. पहिली पायरी: एक छानसं वर्तुळ काढा.

नंबरकाकांनी काढलं. ते बटाट्यासारखं आलं. पुन्हा काढलं, दुसरा बटाटा. मग त्यांना वाटलं, आपण काय येडे आहोत का? मागच्या कपाटात शेकड्याने वर्तुळं पडली आहेत! न कापलेलं एक गोल भिंग त्यांनी आणलं, सत्तर मिलिमीटरचं, कागदावर ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. झालं डोकं. एकदम टंच.

दुसरी पायरी, वर्तुळात एक उभी आणि एक आडवी रेघ. हे तर रोजचंच काम. रेघा मारून त्यांनी टोकांना नव्वद आणि एकशे ऐंशी असे अंशही लिहून टाकले. तिसऱ्या पायरीला डोळे आले. ती तरुणी म्हणाली, डोळे मोठ्ठे काढा, बिनधास्त! नंबरकाकांच्याने ते होईना. हात आपोआप माणसाच्या मापावर यायचा. आठव्या पायरीला त्यांच्या कागदावर जे उतरलं ते बँकेत नोकरी करणाऱ्या, पोट बिघडलेल्या माणसासारखं दिसत होतं. वर दोन वेण्या.

पण हटले नाहीत. रोज दुपारी दोन ते चार, नंबर लिहून द्यायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सराव. त्यातून एक भानगड झाली. एक आजोबा आपली चिठ्ठी घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले. चिठ्ठी उलटी करून काउंटरवर ठेवली आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "हे माझ्या डोळ्याच्या आत आहे का?" त्यांना पाणी देऊन, खुर्चीत बसवून, ते तसं काही नाही हे पटवायला नंबरकाकांना पाऊण तास लागला. तरी जाताना आजोबा म्हणालेच, "लपवू नका हं."

तीन आठवड्यांनी त्यातल्या त्यात बरा असा एक कागद नंबरकाकांनी घरी आणला आणि मुलीच्या वहीशेजारी "चुकून" ठेवला. रात्रभर तळमळले. सकाळी बघतात तर कागद तिथेच, पण त्यावर लाल पेन्सिलने गिचमिड केलेली. "मान नाही. डोकं हवेत आहे. कान खूप वर. हे केस आहेत की झाडू?" आणि खाली दहापैकी दोन मार्क.

दोन! नंबरकाकांना शाळेत असतानाही मार्कांचा इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी खाली लिहिलं, "मान गुरुवारी मिळेल." तीस वर्षांची सवय, दुसरं काय?

गुरुवारी मान दिली. लाल पेन्सिल म्हणाली, ही मान आहे की विजेचा खांब? मार्क अडीच. असे कागद जायला यायला लागले. बायकोला कळलं होतं, पण ती बाई शहाणी, मूग गिळून बसली. आणि मग एका रविवारी नंबरकाका टेबलावर चित्र काढत बसले असताना मुलगी येऊन मागे उभी राहिली. उभ्या-आडव्या रेघा त्यांनी चांगल्या दाबून मारल्या होत्या, कारण त्यांच्या धंद्यात खूण म्हणजे खूण, ती पुसली तर भिंग वाकडं बसतं. पूर्ण झालेल्या चेहऱ्यावरून त्या रेघा तशाच राहिलेल्या, जणू पोरीला खिडकीच्या गजाआड ठेवलंय. मुलीला ते बघवेना.

"खोडा," ती म्हणाली.

आठ-नऊ महिन्यांत तिने त्यांच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. नंबरकाकांनी इतक्या जोराने खोडलं की कागद फाटला. मुलीने कपाळावर हात मारला, खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. "सरका जरा. अशी नसते धरायची पेन्सिल."

मग रोज संध्याकाळी शाळा भरायला लागली. मास्तरीण कडक होती. डोळे मोठे काढायला तिने लावलं, हातावर पट्टी मारून लावलं म्हणा ना. फक्त एका गोष्टीवरून जोरदार वाजलं. मुलगी म्हणाली, बाहुलीत वर एक पांढरा ठिपका सोडायचा. नंबरकाका अडून बसले.

"बाहुलीत पांढरं? छे! हा मोतीबिंदू आहे."

"हा उजेड आहे!"

"मी तीस वर्षं डोळे बघतोय. बाहुलीत पांढरं दिसलं की आम्ही सरळ डॉक्टरकडे धाडतो."

"अहो, तो नसला तर ती मेल्यासारखी दिसते!"

शेवटी ठिपका सोडला. खरंच, कागदावरची ती पोर एकदम जिवंत होऊन त्यांच्याकडे बघायला लागली. त्या दिवशी नंबरकाकांना साडेचार मिळाले.

सगळं असं दृष्ट लागण्यासारखं चाललेलं असताना एक दिवस नंबरकाकांनी मोबाइल टेबलाच्या पलीकडच्या टोकाला तांब्याला टेकवून उभा केला, दोघांनाही व्हिडिओ दिसावा म्हणून. "थांबा, काय केलं तिने?" म्हणत मुलीने तो उचलून जवळ घेतला. नंबरकाकांनी परत ठेवला. तिने परत उचलला. असं चारदा झालं. पाचव्यांदा तिने उचलला तेव्हा नंबरकाकांच्या हातातली पेन्सिल थांबली. मुलगी वहीवर इतकी वाकली होती की तिची बट कागदावर लोळत होती. हे ती रोजच करत होती. यांनी रोजच बघितलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं, काय पण मन लावून काढते!

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कॅलेंडरमध्ये बघ गं, आज कोणता वार?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं.

"काल रविवार होता ना? मग बघायला कशाला हवं?"

"आणि घड्याळात किती वाजलेत?"

"तुम्हाला दिसत नाही का?"

पोरांच्या या सगळ्या युक्त्या नंबरकाकांना तोंडपाठ होत्या. काही पोरं तर पुढच्या पोराने वाचलेला तक्ता पाठ करून धडाधडा म्हणून दाखवतात. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: तीनच्या पुढे नंबर, दोन्ही डोळे, निदान दोन वर्षं झाली असणार. म्हणजे फळ्यावरचं हिला काहीच दिसत नाही. गणितात हल्ली मार्क कमी पडताहेत ते त्यामुळे. आणि हे चष्मेवाल्याच्या घरात!

आता खरं सांगायचं तर नंबरकाकांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. भ्याले. त्यांना माहीत होतं, चष्मा लागला म्हटलं की पोरं रडतात, आणि ज्याने सांगितलं त्याचं तोंड बघत नाहीत. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पोर आत्ता कुठे बोलायला लागली होती. तिने एकदा इथेच राहायचं ठरवलं की मग सांगू, तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? असं म्हणत चार दिवस त्यांनी ढकलले. त्या चार दिवसांत दुकानात एक आई आपल्या पोराला घेऊन आली आणि म्हणाली, आम्हाला आधी कळलंच नाही हो. नंबरकाका तिच्यावर असे खेकसले, "घरातल्या माणसांना कळत नाही म्हणजे काय?" आणि बोलून झाल्यावर त्यांची त्यांनाच इतकी लाज वाटली की त्यांनी त्या बाईंची माफी मागितली. बाईंना काही कळेना.

त्या संध्याकाळी त्यांनी एकदाचं तोंड उघडलं. आडपडदा न ठेवता म्हणाले, "तुला लांबचं दिसत नाही. आपल्याला डोळे तपासायला हवेत."

मुलीचा चेहरा लाल झाला. "मला सगळं दिसतं."

"नाही दिसत. मी बघतोय ना."

"तुम्हाला जगात सगळ्यांना चष्माच लागलेला दिसतो!" तिने वही मिटली. "म्हणून शिकत होतात का माझ्याकडे? माझे डोळे तपासायला?" आणि खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी त्यांच्यावर भडकली, मग स्वतःवरच. "आई ना मी तिची? मला कसं कळलं नाही?"

"तू पोस्टात आहेस. डोळ्यांचं दुकान माझं आहे," नंबरकाका म्हणाले. "आणि कळल्यावरही मी चार दिवस गप्प बसलो."

रात्री जेवताना जुनं सगळं पुन्हा सुरू. "आई, त्यांना सांग, मला सगळं दिसतं."

"तिला सांग, मग समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाच."

बायकोने ताट बाजूला सारलं. "पोस्ट बंद आहे. ज्याला जे सांगायचंय ते त्याने स्वतः जाऊन सांगावं."

मग कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. तीन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. नंबरकाकांनी मनाने मुलीला मावशीकडे धाडूनही दिलं होतं. पण जाईल तर चष्मा लावून जाऊ दे, निदान फळा तरी दिसेल, असं ते बायकोला म्हणाले, आणि ते त्यांच्या अगदी पोटातून आलं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी, दुकान रिकामं असताना, दारात मुलगी उभी. पाठीला दप्तर, एकटीच. ती आत आली, उंच खुर्चीत चढून बसली आणि तक्त्याकडे तोंड केलं.

"मी आज मैत्रिणीला विचारलं," ती म्हणाली. "ती म्हणाली, मागच्या बाकावरूनही फळ्यावरचं सगळं दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. मला वाटायचं, कुणालाच दिसत नाही. बाई उगाच लिहितात." मग म्हणाली, "तपासा. पण फ्रेम मी निवडणार."

नंबरकाकांनी तपासलं. साडेतीन, दोन्ही डोळे. पोराटोरांचा नंबर परस्पर ठरवायचा नाही हा त्यांचा शिरस्ता, म्हणून दुसऱ्या दिवशी बायकोने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन थेंब घालून तपासून आणलं. साडेतीनच निघाला. फ्रेम तिने निवडली ती दुकानातली सगळ्यात मोठी, गोल, अर्धा चेहरा खाणारी. दुसऱ्या कुणाच्या पोरीने मागितली असती तर नंबरकाकांनी दिलीच नसती, कारण ती त्या इवल्याशा नाकावरून सारखी घसरत होती. त्यांनी नाकाजवळच्या टेकूंच्या पाच जोड्या बदलल्या, काड्या तापवून वाकवल्या, पुन्हा सरळ केल्या, पुन्हा वाकवल्या. मुलगी दर वेळी डोकं जोराने हलवून बघायची आणि म्हणायची, "हललं." शेवटी एकदाचं हललं नाही.

नंबरकाका काउंटरच्या मागे जाऊन उभे राहिले. मुलगी दुकानाच्या दारापर्यंत गेली, रस्त्यापलीकडची पाटी वाचली, तिच्याखालचा फोन नंबर वाचला, पलीकडच्या गच्चीवर वाळणारे कपडे मोजले. मग वळली आणि तिथूनच तिने नंबरकाकांकडे बघितलं. बघतच राहिली.

"तुम्ही हसताय?" तिने विचारलं.

"अं? हो. म्हणजे, का गं?"

"रोज जेवताना माझ्याकडे बघता तेव्हा पण असेच हसता?"

नंबरकाका कानापर्यंत लाल झाले. हसत होते. पहिल्या दिवसापासून, रोज, टेबलाच्या त्या टोकावरून. मोठ्याने हसायची हिंमत नव्हती म्हणून लहानसं, घाबरत घाबरत, आणि तिने कधी उलट हसून बघितलं नाही म्हणून रोज थोडं खचत.

"हो," ते म्हणाले. "रोजच."

मुलीने काउंटरवरचा त्यांचा मोबाइल उचलला आणि पोस्टात आईला फोन लावला. नंबरकाका समोरच उभे आहेत याचं तिला काही नव्हतं.

"आई, मावशीला सांग, मी येत नाहीये. नाही म्हटलं ना. अगं, मला वाटायचं ते रोज जेवताना माझ्याकडे रागाने टक लावून बघतात. मला नुसता त्यांचा चष्मा चमकताना दिसायचा. नाही गं, रागावलेले नसतात. हसतात ते. खरंच, आई. मी आत्ता बघितलं."